एवढ्या मोठ्या टँकमध्ये एकच मासा?

घरी कोणी नवीन माणूस आला की टँकसमोर थांबतो, थोडा वेळ वाकून इकडेतिकडे शोधतो आणि मग विचारतो, "बाकीचे मासे कुठे गेले?" बाकीचे नव्हतेच कधी. सहा फुटी टँक आणि आत एक जॅग्वार सिक्लिड, नर, बस. मग पुढचा प्रश्न येतोच, एकटा कंटाळत नाही का बिचारा, अजून दोन-चार टाक ना, केवढी जागा रिकामी आहे. हे इतक्या वेळा ऐकून झालंय की म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

सिक्लिड हे खानदानच मोठं आहे. एंजलफिश त्यातलाच, डिस्कस त्यातलाच, तिलापियासुद्धा त्यातलाच. पण मी बोलतोय ते त्यातल्या मोठ्या आणि शिकारी मंडळींबद्दल, म्हणजे दक्षिण अमेरिकेतले ऑस्कर आणि पीकॉक बास, मध्य अमेरिकेतले जॅग्वार, डोवी, रेड डेव्हिल वगैरे. आफ्रिकेतही आहेत, मलावी तळ्यातला लिव्हिंगस्टोनी तर तळाशी आडवा पडून मेल्याचं सोंग घेतो, छोटे मासे मेलेलं मढं समजून टोचायला आले की गपकन एखाद्याला धरतो. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. जॅग्वार मूळचा होंडुरासपासून कोस्टा रिकापर्यंतच्या नद्या-तळ्यांमधला, निकाराग्वातल्या मॅनाग्वा तळ्यावरून शास्त्रीय नाव पडलं, १८६७ साली अल्बर्ट ग्युंथरने पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं. गढूळ, कोमट, ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यातही तो तग धरतो आणि इथेच लोकांचा गैरसमज होतो की अरे हा तर कशातही जगतो. जगतो, खरंय. पण कसा जगतो ते बघा.

दुकानात तो दीड-दोन इंचाचा असतो. अंगावर आडवी काळी रेघ, रेघेवर डाग, जरा फिकट, कोणाचं लक्षही जाणार नाही असा. ऑस्करचं पिल्लू उलट भयंकर गोड दिसतं, डोळे मोठे, चाल डुलत डुलत, त्यामुळे लोक एक सोडून तीन घेतात. मग चांगलं खायला मिळालं की पहिल्या काही महिन्यांत महिन्याला जवळपास इंचभर वाढ होते आणि वर्षभरात तो फूटभराच्या जवळ जाऊन पोचतो. ऑस्कर ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो, जॅग्वारचा नर टँकमध्ये ३५ ते ४० सेंटिमीटर सहज होतो, निसर्गात अर्ध्या मीटरच्याही वर, आणि डोवीचा नर तर ७० सेंटिमीटरपर्यंत. ७० सेंटिमीटर म्हणजे किती ते हात पसरून बघा एकदा.

टँक घेताना सगळे लांबी विचारतात, रुंदी कोणी विचारतच नाही. फूटभर लांबीच्या माशाला दीड फूट रुंदीच्या टँकमध्ये वळायचं म्हणजे दरवेळी अंग मुडपून वळावं लागतं आणि असं वर्षानुवर्षं. म्हणून माझ्या मते जॅग्वारसाठी रुंदी दोन फुटांच्या खाली नकोच. सहा बाय दोन बाय दोन फुटांच्या टँकमध्ये साधारण ६८० लिटर पाणी मावतं, म्हणजे ६८० किलो झाले, त्यात १२ मिलिमीटरच्या काचेचं वजन, स्टँड, वाळू, दगड धरले की सगळं मिळून आठशे-नऊशे किलोच्या घरात जातं. हे कुठे ठेवायचं, खाली बीम कुठून गेलाय, जमीन सपाट आहे का, हे मासा आणायच्या आधीचे प्रश्न आहेत. डोवीच्या जोडीसाठी लोक आठ फुटी टँक सांगतात आणि ते उगाच नाही सांगत.

आता मूळ मुद्दा, एकटा का.

हे मासे कळपाने राहणारे नाहीत. लहान असताना एकत्र फिरतात, एकमेकांच्या अंगावरून जातात, तेव्हा माणसाला वाटतं की लहानपणापासून एकत्र वाढवले की भावंडांसारखे राहतील. पाच-सहा इंचांपर्यंत राहतातही. मग एक दिवस त्यातला एक वयात येतो आणि त्याला एक कोपरा आवडायला लागतो. दुसऱ्या दिवशी अर्धा टँक त्याचा असतो, आठवड्यात पूर्ण. बाकीचे वर पृष्ठभागाला, फिल्टरच्या पाइपमागे, पंख फाटलेले, असे चिकटून बसलेले दिसतात. नदीत हरलेला मासा पळून जातो, दहा-वीस मीटर लांब गेला की भांडण संपतं कारण जिंकणाऱ्यालाही पाठलागात रस नसतो. टँकमध्ये पळून जायचं कुठे? सहा फूट म्हणजे जेमतेम दोन मीटर, आणि आख्खं त्याचंच राज्य. म्हणजे तो काही क्रूर वगैरे नसतो, तो घुसखोराला हाकलत असतो आणि घुसखोर निघत नसतो म्हणून तो अजून जोरात हाकलतो. ह्याचा शेवट एकच होतो.

काही जण म्हणतात की गर्दी केली की मारामारी विभागली जाते, कोणा एकावर राग निघत नाही. मलावीच्या छोट्या म्बुना माशांमध्ये हे चालतं, मी नाही म्हणत नाही. पण ४० सेंटिमीटरच्या माशांची गर्दी करायची तर टँक नाही, तलाव लागेल, आणि तेवढ्या माशांच्या घाणीला पुरेल असा फिल्टर घरात बसवून दाखवा.

सोबतीला मोठा प्लेको, म्हणजे तळाशी चिकटून शेवाळ खाणारा मासा, टाकतात बरेच जण, तळ साफ ठेवेल म्हणून. एक तर तो स्वतःच प्रचंड घाण करतो, आणि तो लहान असला तर जॅग्वार त्याला गिळायला बघतो. प्लेकोला धोका वाटला की तो पंखांचे काटे ताठ करून लॉक करतो आणि मग तो घशात अडकतो, ना आत ना बाहेर, दोघंही जातात. ह्या माशांचा एक साधा हिशोब असतो, तोंडात मावतं ते खाणं. आणि तोंड दिसतं त्यापेक्षा खूप मोठं उघडतं, हे विसरायचं नाही.

ते तोंड एकदा जवळून बघण्यासारखं आहे. मी गांडूळ टाकतो तेव्हा आधी नुसते डोळे हलतात, अंग जागचं हलत नाही. मग तो सावकाश येतो, चार बोटं अंतरावर थांबतो, छातीचे पंख वल्ह्यासारखे मागेपुढे करत जागेवर स्थिर राहतो, आणि मग काय होतं ते डोळ्याला नीट दिसतच नाही, वरचा जबडा नळीसारखा पुढे येतो, पाण्यासकट गांडूळ आत, तोंड बंद. खरी गंमत त्यानंतर असते. तोंड मिटलेलं पण घसा हलतोय. गालाखाली काहीतरी दळलं जातंय आणि कल्ल्यांमधून बारीक मातीचा धूर बाहेर येतोय. सालासकट कोळंबी दिली तर शांत खोलीत काचेबाहेर कडकड ऐकू येते. सिक्लिडना घशात जबड्यांची दुसरी जोडी असते, पुढचा जबडा पकडायला आणि मागचा चुरायला. चुरायचं काम मागे गेल्यामुळे पुढचं तोंड मोकळं झालं, वाटेल त्या शिकारीसाठी वाटेल तसं बदलत गेलं, आणि ह्या खानदानात एवढ्या जाती होण्यामागे हे एक मोठं कारण असावं असं कारेल लीम ह्या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं होतं. मला हे वाचल्यापासून त्याचं खाणं बघायचा नादच लागलाय.

पण खाणं बघायचा नाद आणि जिवंत मासे टाकून शिकार बघायचा नाद ह्यात फरक आहे आणि ह्या बाबतीत मी जरा कडकच आहे. पाहुण्यांसमोर फीडर, म्हणजे दुसऱ्या माशांना खाऊ म्हणून विकले जाणारे, गोल्डफिश टाकायचे, तो कसा झडप घालतो ते दाखवायचं, व्हिडिओ काढायचा, हे मला पटत नाही. दया वगैरे बाजूला ठेवा, माशाच्याच तब्येतीचं बोलू. फीडर मासे गर्दीत, घाणेरड्या पाण्यात ठेवलेले असतात, त्यांच्यासोबत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, जंत, काय काय घरात येतं. गोल्डफिशमध्ये थायामिनेज नावाचं एन्झाइम असतं जे बी१ जीवनसत्त्व मोडून टाकतं, त्यामुळे तेच तेच खाऊ घातलं तर मासा भरल्या पोटी कुपोषित. बीफ हार्टचंही तसंच, प्राण्यांची चरबी माशाला नीट पचत नाही, लिव्हरवर जाऊन बसते. मी माझ्या माशाला चांगल्या पेलेटवर, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्यांवर, ठेवतो, अधूनमधून कोळंबी, गांडूळ, कधी माशाचा तुकडा. नव्याने आणलेला मासा पेलेट थुंकतो, तोंड फिरवतो, दोन-तीन दिवस रुसतो. रुसू द्या. निरोगी मासा अन्न समोर असताना उपाशी मरत नाही. ऑस्कर तर रुसण्यात उस्तादच, जागा बदलली किंवा टँकमधला दगड हलवला तरी कुशीवर आडवा पडून राहतो, नवीन माणूस घाबरतो की मेला की काय, आणि हा दुसऱ्या दिवशी उठून खायला हजर.

मोठ्या झालेल्या माशाला रोज दोनदा खायला घालायची काही गरज नसते. दिवसातून एकदा बेताचं, आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. तो काचेशी येऊन शेपूट हलवत भीक मागतो हे खरं, पण तो पोट भरलेलं असतानाही तेच करतो.

आणि जे आत जातं ते बाहेर येतं. लोकांना वाटतं माशाची घाण म्हणजे तळाशी दिसते ती विष्ठा, ती उपसली की झालं. प्रत्यक्षात अमोनियाचा बराचसा भाग कल्ल्यांमधून थेट पाण्यात मिसळतो, दिसतच नाही. फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. ही साखळी बसायला नवीन टँकला काही आठवडे लागतात आणि तोपर्यंत त्यात असा खादाड मासा सोडणं म्हणजे त्याच्याच विषात त्याला ठेवणं. साखळी बसल्यावर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसतात म्हणून लोक निर्धास्त होतात, पण नायट्रेट साठतच जातं आणि ते फिल्टरने जात नाही. मोठा फिल्टर लावला म्हणून पाणी बदलायचं चुकत नाही, हे मी जीव तोडून सांगत असतो. नायट्रेट ४० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४० भाग) वर जाऊ द्यायचं नाही, २० च्या आसपास राहिलं तर उत्तम, आणि त्यासाठी ह्या आकाराच्या माशाला आठवड्याला अर्धं पाणी बदलावं लागतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर आधी डिक्लोरिनेटर, तापमान टँकच्या पाण्याशी जुळतं का ते हाताने नाही, थर्मामीटरने बघायचं. २५ ते २८ अंश त्याला बरं पडतं.

हे टाळलं की काय होतं? लगेच काहीच होत नाही, तोच तर घोटाळा आहे. कशातही तग धरणारा मासा असल्यामुळे तो महिनोन्महिने खातपीत राहतो. मग डोक्यावर, डोळ्यांच्या वर, सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसायला लागतात, ती रुंदावतात, त्यातून पांढरट काहीतरी लोंबतं. होल इन द हेड म्हणतात. त्यात स्पायरोन्यूक्लियस नावाच्या परजीवीचा हात असतो असं मानतात आणि औषध म्हणून मेट्रोनिडाझोल वापरतात, पण खराब पाणी आणि एकसुरी खाणं तसंच राहिलं तर औषधाने तात्पुरतंच थांबतं. भोकं भरली तरी व्रण राहतात. मोठ्या ऑस्करच्या कपाळावर खड्डे दिसले की समजायचं, ह्याच्या टँकमध्ये पाणी बदलायचा कंटाळा केला गेलाय.

आतल्या सजावटीबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण तुमची सजावट तो ठेवणारच नाही. झाडं उपटतो. वाळू तोंडात भरून ह्या टोकाची त्या टोकाला नेऊन टाकतो, रात्रभरात डोंगर तयार. फक्त एक लक्षात ठेवा, दगड वाळूवर ठेवू नका, आधी काचेवर मॅट, मॅटवर दगड, मग वाळू, नाहीतर तो खालून उकरतो आणि दगड काचेवर कोसळतो. काचेचा हीटर आत ठेवू नका, धडक देऊन फोडतो, एक तर गार्ड लावा किंवा हीटर सम्पमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या फिल्टरच्या वेगळ्या टाकीत, टाका. झाकणावर वजन हवंच. वाळूखाली बसवायचा अंडरग्रॅव्हल फिल्टर विसरा.

माझा मासा एकटा कंटाळतो का? मला तरी तसं वाटत नाही. सकाळी खोलीत दिवा लावला की तो पुढच्या काचेला येतो, मी डावीकडून उजवीकडे गेलो की तोही येतो. अनोळखी माणूस जवळ आला तर पाठीचा पंख पाडून मागे सरकतो. पाणी उपसायचा सायफनचा पाइप आत गेला की मात्र आमची ओळख संपली, कल्ले फुगवून, रंग गडद करून, पाइपवर तुटून पडतो, मोठा होत गेलाय तसा पाणी बदलताना मी हात आत घालताना विचार करतो. ऑस्करच्या शेपटीजवळ जो डोळ्यासारखा ठिपका असतो, तो पंख कुरतडणाऱ्या पिरान्यांना चकवण्यासाठी असावा असं म्हणतात, आणि हे सगळे मासे अशा पाण्यातून आलेत जिथे सतत कोणी ना कोणी मागावर असतं. सोबत नसणं ही त्याच्यासाठी शिक्षा असेल असं माणूस स्वतःवरून ठरवतो. त्याला उद्योग हवा असेल तर खाणं दगडामागे टाका, पाण्याच्या प्रवाहाची दिशा बदला, कधी दगडांची मांडणी हलवा, तो दिवसभर तपासत बसतो.

जोडी लावायची हौस असते ते मी समजू शकतो. हे मासे आई-बाप म्हणून जबरदस्त असतात, दोघं मिळून दगड साफ करतात, मादी अंड्यांना पंखांनी वारा घालते, नर राखण करतो, पिल्लांचा ढग घेऊन दोघं फिरतात. निकाराग्वातल्या शिलोआ तळ्यात केनेथ मकाये यांनी तर एक अजब प्रकार नोंदवला, १९७७ मध्ये छापून आला, की तिथे शाकाहारी असलेल्या निकाराग्वेन्से सिक्लिडचे नर चक्क डोवीच्या, म्हणजे एका शिकाऱ्याच्या, पिल्लांची राखण करतात. त्यांचा अंदाज असा की अंडी घालायच्या जागेवरून निकाराग्वेन्सेशी भांडणारा जो तिसरा मासा तिथे आहे, त्याला डोवी खातो, म्हणून डोवी वाढलेले ह्यांच्या फायद्याचे. केवढं राजकारण!

पण हे तळ्यात. टँकमध्ये नराची तयारी झाली आणि मादीची नसली तर तो तिला मारून टाकू शकतो, अगदी आधी दोनदा पिल्लं काढलेली जोडी असली तरी. म्हणून जाणकार लोक मध्ये भोकांची जाळी लावतात, मादी जाईल पण नर जाणार नाही एवढं भोक. आणि समजा सगळं नीट जमलं, तर एका वेळी हजारभर किंवा जास्त पिल्लं. ती कुठे देणार? प्रत्येकाला पुढे सहा फुटी टँक लागणार आहे. मी ह्या हिशोबानेच जोडीचा नाद केला नाही.

न झेपणारे मासे मग लोक जवळच्या तळ्यात सोडून देतात, मोकळं केलं म्हणून समाधानही मानतात. पनामातल्या गाटून तळ्यात १९६७ च्या सुमारास पीकॉक बास शिरला आणि काही वर्षांत तिथले बरेच स्थानिक मासे जवळजवळ नाहीसे झाले, छोटे मासे खाणारे पक्षी कमी झाले, डासांच्या अळ्या खाणारे मासे गेले, १९७३ मध्ये झारेट आणि पेन ह्या दोघांनी हे सगळं लिहून ठेवलंय. जॅग्वार आणि ऑस्कर दोघंही फ्लोरिडात असेच मोकळे झालेत. झेपत नसेल तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, दुकानात परत करा, मत्स्यालयाला विचारा, पण पाण्यात सोडू नका.

आता जाता जाता दोन गोष्टी, कारण हे नेहमी विचारलं जातं. वीज बराच वेळ गेली तर आधी बॅटरीवरचा एअर पंप लावायचा, कोमट पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो. कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेरचा बंद डब्यासारखा, फिल्टर काही तास बंद राहिला असेल तर वीज आल्या आल्या तसाच सुरू करू नका, आतलं पाणी सडलेलं असतं, ते ओतून द्या, मीडिया, म्हणजे आतलं बॅक्टेरिया बसलेलं सामान, टँकच्याच पाण्यात खळबळून घ्या आणि मग लावा. आणि गावाला जाताना शेजाऱ्याला पेलेटचा डबा देऊन जाऊ नका. मोठा सिक्लिड आठ-दहा दिवस उपाशी आरामात राहतो, निघायच्या आदल्या दिवशी पाणी बदला, दिवा टायमरवर टाका आणि जा. शेजाऱ्याला फक्त फिल्टर चालू आहे का तेवढं बघायला सांगा, कारण काचेशी येऊन शेपूट हलवणारा हा प्राणी बघितला की चांगल्या मनाचा माणूस डबाभर पेलेट ओततो, आणि पुढे काय होतं ते वर लिहिलंच आहे.